गोव्यातील जंगले, किल्ले आणि जुनी देवळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याकडून, कोल्हापूर-बेळगावहून आणि गोव्यातल्याच किनारी गावांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना समुद्र पाहून झालेला असतो आणि आता सह्याद्रीच्या बाजूला वळायचे असते. ही इच्छा मनापासून स्वागतार्ह आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवा की इथली जंगले रिकामी नाहीत आणि देवळे-चर्च ओस पडलेली नाहीत. अभयारण्यांत गावे आहेत, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, देवराया आहेत. म्हणून जवळजवळ प्रत्येक उत्तरात ऋतू, वार, भरती-ओहोटी किंवा गावाचा रिवाज यांपैकी काहीतरी आलेच आहे.

१. गोव्यात राष्ट्रीय उद्याने किती, अभयारण्ये किती, आणि दोन्हींत फरक काय?

राष्ट्रीय उद्यान एकच, मोलेचे. ते भगवान महावीर अभयारण्याच्या पोटात आहे. साधारण २४० चौ. कि.मी.च्या या जंगलातला १०७ चौ. कि.मी.चा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. अभयारण्ये सहा: भगवान महावीर, खोतीगाव (काणकोण), बोंडला (फोंड्याजवळ, ८ चौ. कि.मी.), म्हादई (सत्तरी), नेत्रावळी (सांगे) आणि चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन १९९९ मध्ये जाहीर झाली. चोडण सोडले तर बाकीची सगळी सह्याद्रीच्या अंगाला आहेत, आणि उत्तरेला सत्तरीपासून दक्षिणेला काणकोणापर्यंत जंगलाचा जवळजवळ सलग पट्टा आहे.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई असते, वस्तीचे आणि वनउपजाचे हक्क राहत नाहीत. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. म्हणूनच नेत्रावळीत किंवा म्हादईत तुम्हाला शेते, सुपारीच्या बागा आणि शाळेत निघालेली मुले दिसतील. ती अतिक्रमणे नव्हेत. ती गावे अभयारण्याच्या आधीपासूनची आहेत.

पश्चिम घाट २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण त्या यादीतल्या ३९ स्थळांत गोव्यातले एकही नाही. त्यामुळे जंगल कमी मोलाचे ठरत नाही. मोले पाहिल्यावर ते कळते.

२. यायचे कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत सोयीचे. वाटा कोरड्या असतात, ओढ्यांना अजून पाणी असते आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. मार्च ते मे उकाडा फार, पण पाणवठे आटल्याने जनावरे दिसण्याची शक्यता थोडी वाढते. जून ते सप्टेंबर जंगल सगळ्यांत देखणे असते आणि तेव्हाच सगळ्यांत जास्त वाटा बंद असतात (प्रश्न ८ पाहा). डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. रस्ते, फेरीबोटी, जुने गोवे, सगळे तुडुंब असते.

३. तीन दिवस हातात आहेत. सगळे होईल का?

नाही, आणि तसा हट्टही धरू नका. गोवा नकाशावर लहान दिसतो, पण सत्तरीतून काणकोणला जाणे म्हणजे जवळजवळ अख्खे राज्य ओलांडणे. आमचा सल्ला असा: एक दिवस जुने गोवे आणि नार्वे, मध्ये दिवाडी बेट, एक दिवस तांबडी सुर्ल्याचे देऊळ आणि मोले, तिसरा दिवस दक्षिणेला, रिवण-उसगाळीमळची खोदचित्रे आणि नेत्रावळी. दूधसागरचा धबधबा यात धरलेला नाही, कारण तो एकटाच एक दिवस खातो. तो हवा असेल तर मोलेच्या दिवशी तांबडी सुर्ला सोडावे लागेल. आमच्या मते हा सौदा तोट्याचा आहे, पण लहान मुले बरोबर असतील तर आम्ही समजू शकतो.

४. प्रवेशपत्र कुठे मिळते आणि कोणत्या दिवशी काय बंद असते?

अभयारण्यांचे प्रवेशशुल्क वन खात्याच्या नाक्यावरच भरता येते: मोल्याला बेळगाव रस्त्यावरच्या केंद्रात, खोतीगावला प्रवेशद्वारी, बोंडल्याला गेटवर. कॅमेऱ्याचे आणि गाडीचे शुल्क वेगळे पडते. दर बदलत असतात, म्हणून आकडा इथे दिलेला नाही. सुट्टे पैसे जवळ असू द्या, जंगलात मोबाईलला रेंज नसते.

बोंडला गुरुवारी बंद. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद. रेइश मागूशचा किल्ला सोमवारी बंद. हे तीन वार लिहूनच ठेवा, बहुतेक हिरमोड याच तीन दिवशी होतात. तांबडी सुर्ल्याचे देऊळ आणि जुन्या गोव्यातली चर्च पाहायला तिकीट नाही.

५. स्वतःची गाडी नाही. कदंबच्या बसने जमेल का?

जुने गोवे, फोंडा, मोले, साखळी, वाळपई, काणकोण इथवर कदंब आणि खासगी बस मिळतात. अडचण त्यापुढे आहे. तांबडी सुर्ला, नेत्रावळी, उसगाळीमळ इथे बस दिवसातून मोजक्याच, आणि त्या गावकऱ्यांच्या वेळेनुसार धावतात. तालुक्याच्या गावापर्यंत बसने जा आणि तिथून रिक्षा किंवा टॅक्सी परतीसकट ठरवा. भाडे निघण्यापूर्वीच बोलून घ्या. शहरात 'पायलट', म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, एकट्या माणसाला स्वस्त पडते. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळी पाटी असलेली, परवान्याचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने घेतलीत तर पोलिसांच्या नाक्यावर अर्धा दिवस जाईल.

६. दूधसागरला नेमके कसे जायचे?

कुळे गावातून जीपने. कुळ्याला मडगावहून रेल्वे येते, मोल्याहून रस्ता आहे. कुळ्यातून वन खात्याच्या हद्दीतून नोंदणी केलेल्या जीपच जातात, स्वतःची गाडी चालत नाही. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, कधी पाणी जीपच्या पायरीपर्यंत येते. जीप थांबते तिथून शेवटचा टप्पा दगडगोट्यांतून चालण्याचा आहे. लाइफ जॅकेट सक्तीचे आहे आणि ते पट्टे आवळूनच घालावे, हातात धरून नव्हे.

जीप साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतात. एका जीपमध्ये सात जण. दोघेच असाल तर कुळ्यात इतरांबरोबर जागा जोडून मिळते. सकाळी लवकर पोहोचा: सुट्टीच्या दिवशी दहानंतर आलेल्यांना दुपारपर्यंत ताटकळावे लागते. धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीचा, चार टप्प्यांत कोसळणारा, आणि त्याच्या मधूनच रेल्वेचा पूल गेलेला आहे.

७. रेल्वे रुळावरून चालत गेले तर? पूर्वी लोक जायचे.

जायचे, आता जाऊ नये. रुळावरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात रेल्वे पोलीस तिथे खरोखर उभे असतात. पण दंडापेक्षा मोठे कारण वेगळे आहे. कॅसल रॉक ते कुळे हा घाट बोगद्यांचा, वळणांचा आणि तीव्र उताराचा आहे. धुक्यात आणि पाण्याच्या आवाजात मागून येणारी मालगाडी ऐकू येत नाही, आणि बोगद्यात बाजूला सरायला जागा नसते. समाजमाध्यमांवरचे जुने व्हिडिओ पाहून निघू नका. रेल्वेतूनच पाहायचा असेल तर त्या मार्गाच्या गाडीचे तिकीट काढा, खिडकीत बसा आणि डोळे भरून बघा. खाली उतरू नका.

८. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असते का?

बऱ्याचदा असते. बुडून मृत्यू झाले की वन खाते किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावरच्या दुर्घटनेनंतर अभयारण्यांतल्या सगळ्याच धबधब्यांवर प्रवेशबंदी आली होती. नंतर काही ठिकाणे सशर्त उघडली जातात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्र पाहा किंवा वन नाक्यावर चौकशी करा.

बंदी नसली तरी कुंडात उतरू नका. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असेल तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की लगेच काठावर या. साखळीजवळचा हरवळेचा धबधबा रस्त्यालगत आहे, कठड्यामागून पाहता येतो, शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आणि खडकात कोरलेल्या गुंफा आहेत. पावसात आलेल्यांना आम्ही तिकडेच पाठवतो.

९. तांबडी सुर्ल्यात एक लहान देऊळ आहे, त्यासाठी एवढ्या लांब का जायचे?

हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर. कदंब राजांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे महादेवाचे देऊळ गोव्यात टिकलेल्या देवळांत सर्वांत जुन्यांपैकी आहे. किनाऱ्याकडची अनेक देवळे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडली. हे राहिले ते घाटाच्या पायथ्याशी, दाट रानात असल्यामुळे. गोव्याचा दगड म्हणजे जांभा, आणि हे देऊळ मात्र काळ्या दगडात घडवलेले आहे.

आत गेल्यावर घाई करू नका. मंडपातल्या मधल्या चार खांबांच्या तळाशी वाका. एका खांबावर घोड्याला पायाखाली तुडवणारा हत्ती कोरलेला आहे, आणि तो इतका खाली आहे की उभ्याने पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतो. मग मान वर करा: छतावर पाकळ्यापाकळ्यांचे कमळ आहे. मंडपात नंदी आहे, त्याचे शिर नाही. बाहेर शिखर अपुरे वाटते, पण भिंतींवरची शिल्पे फिरून पाहा. देवळाचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळी जा. कोवळे ऊन गाभाऱ्याच्या दिशेने येते आणि खांबांवरची कातीव नक्षी तेव्हाच उठून दिसते.

इथे पूजा होते, महाशिवरात्रीला मोठी गर्दी असते. पादत्राणे बाहेर काढा. देवळाच्या मागून रानात आणखी एक धबधबा आहे, पण ती वाट वन खात्याच्या परवानगीची आहे आणि पावसात निसरडी.

१०. जुन्या गोव्यात कोणते नियम पाळायचे? आणि शवप्रदर्शन पुन्हा कधी?

जुन्या गोव्यातली चर्च आणि कॉन्व्हेंट १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहेत, पण बॉम जेझूमध्ये आणि सेंट कॅथरीनच्या से कॅथेड्रलमध्ये आजही मिस्सा होतात. रविवारी सकाळी पर्यटकांना उशिरा सोडतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, आत हळू बोला. प्रार्थनेला बसलेल्यांचे फोटो काढू नका.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन दर दहा वर्षांनी होते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. दरवर्षीचे फेस्त ३ डिसेंबरला. त्याआधीच्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) दिवसांत वाहतूक वळवलेली असते.

बहुतेक जण या दोन इमारती पाहून परत फिरतात. तसे करू नका. रस्ता ओलांडून टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा आहे. चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. तिथल्या अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अस्थी-अवशेष सापडले. जुन्या शहराचा पसारा केवढा होता, याचा अंदाज त्या मोकळ्या, मोडक्या भिंतींतून जितका येतो तितका सोन्याच्या वेदीपुढे उभे राहून येत नाही.

११. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराजांशी संबंधित जागा कोणत्या?

सर्वांत आधी डिचोली तालुक्यातले नार्वे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे आणला गेला, आणि १६६८ मध्ये महाराजांनी तिथे देऊळ बांधायची आज्ञा दिली. तसा शिलालेख दारावर आहे, तो जरूर वाचा. अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. दीपमाळ पाहण्यासारखी आहे.

फोंड्याचा किल्ला महाराजांनी १६७५ मध्ये आदिलशाहीकडून घेतला. पुढे १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फोंड्याला वेढा घातला तेव्हा संभाजी महाराजांनी तो मोडला, आणि त्याच नोव्हेंबरात एका रात्रीत जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुने गोवे तिथून हाकेच्या अंतरावर. आज जुव्याला अवशेष थोडेच आहेत, पण नदीच्या काठावर उभे राहिले की तो हल्ला किती धाडसाचा होता ते नकाशाशिवाय समजते.

१२. किल्ल्यांपैकी कोणते निवडावे?

एकच पाहायचा तर काणकोणच्या वाटेवरचा काब द राम. समुद्रावर झुकलेली तटबंदी, तोफा आणि आत वापरात असलेले चर्च. आग्वाद (१६१२) प्रसिद्ध आहे, पण आम्ही वरच्या किल्ल्यापेक्षा खालच्या जुन्या तुरुंगातले संग्रहालय पाहा म्हणू: गोवा मुक्तीच्या लढ्यातले सत्याग्रही तिथे कोंडलेले होते. शापोऱ्यावरून दिसणारा देखावा छान, किल्ल्यात पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. पेडण्यातला हळर्णचा किल्ला शांत आणि नदीकाठचा.

तेरेखोलबद्दल एक वेगळी सूचना. तो नदीच्या उत्तर काठावर, महाराष्ट्राच्या अंगाला आहे. पेडण्यातल्या केरीहून फेरीबोट घ्यावी लागते किंवा आरोंद्याकडून वळसा. ओहोटीला फेरीची पंचाईत होते, म्हणून भरतीची वेळ पाहून निघा. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथेच तिरंगा फडकावला होता. किल्ल्यात आता हॉटेल आहे.

१३. वाघ दिसेल का?

नाही म्हणूनच चला. म्हादईत वाघ आहेत, वन खात्याच्या कॅमेऱ्यांत ते येतात, पण इथे ताडोबासारखी सफारी नाही. २०२० च्या जानेवारीत सत्तरीत एक वाघीण आणि तिचे बछडे विषाने मारले गेले. त्यानंतरच्या लढ्यातून २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तुम्हाला दिसतील ते गवे (गोव्याचा राज्यप्राणी), शेकरू, धनेश, माकडे. पहाटे गवा रस्त्यावर दिसला तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. तो आपणहून बाजूला होतो.

१४. माकडताप, जळवा, साप यांची काळजी कशी घ्यायची?

माकडताप सत्तरीत गेल्या दहा वर्षांत आढळला आहे. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि धोका कोरड्या महिन्यांत, साधारण जानेवारी ते मे, जास्त असतो. लांब बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसणे टाळायचे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासायचे. जंगलात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वन नाक्यावर सांगा. रानातून आल्यावर पुढच्या आठवड्याभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना 'सत्तरीच्या जंगलात गेलो होतो' हे स्वतःहून सांगा.

जळवा पावसाळ्यात असतात, त्रासदायक पण निरुपद्रवी. मिठाची पुरचुंडी पुरते. सापांसाठी, रात्री चालताना बॅटरी हवीच.

१५. चोडणला पक्षी पाहायला गेलो आणि काहीच दिसले नाही. कुठे चुकते?

बहुधा वेळ. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलात की धक्क्यालगतच अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौ. कि.मी. खारफुटीचे. भर भरतीला चिखल बुडतो आणि पाणपक्षी पांगतात, तर पूर्ण ओहोटीला होडी आत जात नाही. म्हणून पाणी उतरू लागलेले असताना, सकाळी होडी ठरवा. तेव्हा चिखलात निवट्या उड्या मारत असतात, खेकडे बाहेर येतात आणि त्यांच्यामागे खंड्या व बगळे.

१६. देवराईत बाहेरच्यांना जाता येते का?

काही ठिकाणी, गावाला विचारून. सत्तरीत केरीची आजोबाची राई, बांबरची निरंकाराची राई या देवाच्या नावाने राखलेल्या आहेत. बांबरची राई गोड्या पाण्याची दलदल आहे, रानजायफळाच्या जातीची झाडे आणि चिखलातून वर आलेली त्यांची मुळे असे जंगल फार थोड्या जागी उरले आहे. मुळांवर पाय देऊ नका. फांदी, पान, फळ, वाळके लाकूडसुद्धा उचलू नका. पादत्राणांविषयी गाव सांगेल तसे वागा. वन खात्याच्या फलकाइतकाच गावाचा शब्द इथे पाळायचा असतो.

१७. जंगलात तंबू ठोकून राहता येईल का?

परवानगीशिवाय नाही. मोल्याला पर्यटन महामंडळाचे निवास आहे, बोंडल्यात वन खात्याच्या कुटिरा. नेत्रावळी परिसरात घरगुती निवास मिळतात आणि ते आम्हाला सगळ्यांत आवडतात: कुळागरात राहायला मिळते, जेवणात गावची भाजी असते, पैसाही गावातच राहतो. मद्य आणि शेकोटी अभयारण्यात चालत नाही. सोबत नेलेले प्लास्टिक परत आणायचे.

१८. ड्रोन उडवला तर?

उडवू नका. अभयारण्यात वन खात्याची, संरक्षित वास्तूंवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, शिवाय दाबोळीला नौदलाचा तळ असल्याने गोव्याच्या आकाशाचा मोठा भाग निर्बंधात येतो. ट्रायपॉडलाही संरक्षित वास्तूंत परवानगी विचारा.

१९. आजी-आजोबा बरोबर आहेत, गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी काय?

जुने गोवे (मनोरा सोडून), नार्वे, हरवळे, बोंडला, आणि नेत्रावळीची बुडबुड्याची तळी. या तळीच्या तळातून सतत बुडबुडे येतात. टाळी वाजवली की ते वाढतात अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि पायऱ्यांवर बसून नातवंडांबरोबर टाळ्या वाजवायला गुडघ्यांचा अडसर होत नाही. तांबडी सुर्ल्यालाही वाहनतळापासून देऊळ जवळ आहे. दूधसागरची जीप मात्र पाठीच्या दुखण्यावाल्यांना झेपणार नाही.

२०. उसगाळीमळची खोदचित्रे फोटोत दिसत नाहीत. खडूने रेषा ठळक केल्या तर चालेल का?

अजिबात नाही. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट खडकात कोरलेली ही चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली. वशिंडाचे बैल, मोर, हरणे, माणसे आणि एकात एक वर्तुळांचा चक्रव्यूह तिथे आहे. जांभा ठिसूळ असतो. खडू घासला की रेषेची कडा झिजते आणि पुढच्या अभ्यासकाला मूळ खोदकाम कुठवर होते ते कळत नाही. पाणीही ओतू नका, बूट काढून कडेकडेने फिरा. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी साडेचारनंतर जा: तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेला सावली पडते आणि चक्रव्यूह साध्या मोबाईलमध्येही स्वच्छ येतो. पावसाळ्यात नदीचे पाणी आणि गाळ खडकावर येतो, त्यामुळे नोव्हेंबरनंतरच या. कुणी खडूने किंवा दगडाने रेघोट्या मारताना दिसले तर तिथल्या रखवालदाराला सांगा, आणि तो नसेल तर फोटोसह राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पणजीत कळवा.